कॉफी चांगली की वाईट, हे कप पाहून ठरवा

‘कॉफी प्या, मधुमेह टाळा’ अशा अर्थाची बातमी वर्षातून तीन-चार वेळा तरी छापून येते. महिन्याभराने ‘कॉफीमुळे रक्तातली साखर वाढते’ अशी दुसरी बातमी येते. दोन्ही बातम्यांमागे संशोधन असते, दोन्ही मोबाइलवर या गटातून त्या गटात फिरतात, आणि ज्याला मधुमेह आहे तो माणूस गोंधळून जातो. मग तो आपल्या सोयीची बातमी लक्षात ठेवतो. कॉफी आवडत असेल तर पहिली, आवडत नसेल तर दुसरी. दोन्ही बातम्यांत ज्या कॉफीबद्दल लिहिलेले असते, ती कॉफी आपण पितो का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात उभे राहून विचारावा. सकाळची वेळ, शिवरायांचा अश्वारूढ पुतळा, उड्डाणपुलाखालचा सिग्नल, जालना रोडवरून धावणारी वाहने, कचेरीला निघालेली माणसे. अशा चौकाच्या आसपास जी कॉफी मिळते ती साधारण तीन प्रकारची असते. पहिली टपरीवरची: दूध आणि साखर आधीच एकत्र उकळलेली, वर चमचाभर झटपट कॉफीची पावडर. दुसरी मशीनची: बटण दाबले की साखर, दूध पावडर आणि कॉफी यांचे तयार मिश्रण गरम पाण्यात मिसळून कपात पडते. तिसरी संध्याकाळची कोल्ड कॉफी: उंच ग्लास, आइस्क्रीमचा गोळा आणि काचेवरून ओघळणारे चॉकलेट सिरप. घरची कॉफी म्हटले तर तीही दुधातलीच, गोड, जायफळ किसून घातलेली. ज्या संशोधनांवरून बातम्या होतात त्यांतली कॉफी यांच्यापेक्षा बरीच वेगळी असते. सारा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

हा गोंधळ किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शेजारच्या गोव्यात तर हे प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के निघाले. एवढ्या माणसांच्या हातात दिवसातून तीन-चार वेळा येणारा कप नेमका काय करतो, हे त्यांना नीट कळायला हवे.

आधी चांगली बातमी. नेदरलँड्समधील १७ हजारांहून अधिक लोकांवर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. दिवसाला सात किंवा अधिक कप कॉफी पिणाऱ्यांना टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता, दोन कप किंवा त्याहून कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत निम्मी दिसली. त्यानंतर जगभर असे अनेक अभ्यास झाले. २०१४ मध्ये अशा २८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात ११ लाखांवर लोक होते. कॉफी अजिबात न पिणाऱ्यांच्या तुलनेत रोज एक कप पिणाऱ्यांत मधुमेहाचा धोका ८ टक्के कमी, तर सहा कप पिणाऱ्यांत ३३ टक्के कमी दिसला. विशेष म्हणजे कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीबाबतही चित्र असेच होते. म्हणजे फायदा असलाच तर तो कॅफिनचा नसावा, कॉफीच्या बीमधल्या इतर घटकांचा असावा. त्यांत क्लोरोजेनिक आम्लाचे नाव प्रामुख्याने घेतले जाते.

या आकड्यांत दोन पळवाटा आहेत. पहिली अशी की हे सारे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. कॉफी पिणारे आणि न पिणारे यांच्यात खाणे, व्यायाम, उत्पन्न, कामाचे स्वरूप असे कितीतरी फरक असू शकतात. संशोधक ते हिशेबात घेतात, तरी सगळे फरक आकड्यांत पकडता येत नाहीत. कोपनहेगनमध्ये ९३ हजार लोकांच्या जनुकीय माहितीवरून २०१५ मध्ये हाच प्रश्न तपासला गेला. ज्यांच्या जनुकांमुळे कॉफीकडे ओढा जास्त, त्यांना मधुमेह कमी होतो का, असे पाहिले, तर तसा पुरावा मिळाला नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे अभ्यास मधुमेह नसलेल्या लोकांचे होते. त्यांना पुढे मधुमेह होतो का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. ज्याला आधीच मधुमेह आहे त्याने कॉफी प्यायली तर साखर उतरते, असे त्यातले कोणीही म्हटलेले नाही. बातमीच्या मथळ्यात मात्र हा फरक हरवतो, आणि ‘कॉफी मधुमेहाला चांगली’ एवढेच उरते.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टाइप २ मधुमेह असलेल्या, रोज कॉफी पिणाऱ्या दहा जणांवर एक छोटा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या शरीरावर सतत साखर मोजणारा संवेदक बसवला. एका दिवशी त्यांना एकूण ५०० मिलिग्रॅम कॅफिनच्या गोळ्या दिल्या आणि एका दिवशी कॅफिन नसलेल्या, हुबेहूब दिसणाऱ्या गोळ्या. कॅफिनच्या दिवशी दिवसभराची सरासरी साखर सुमारे ८ टक्क्यांनी जास्त राहिली. जेवणानंतरची वाढ तर आणखी ठळक होती: न्याहारीनंतर ९ टक्के, दुपारच्या जेवणानंतर १५ टक्के आणि रात्रीच्या जेवणानंतर २६ टक्के. सहभागी फक्त दहा होते आणि कॅफिन गोळीतून दिलेले होते, त्यामुळे हा शेवटचा शब्द मानता येणार नाही. तरीही कॅफिनने इन्सुलिनचा परिणाम तात्पुरता मंदावतो, हे इतर प्रयोगांतही पुन्हा पुन्हा दिसले आहे.

हे घडते कसे, तेही समजण्यासारखे आहे. शरीरात अ‍ॅडेनोसिन नावाचे रसायन असते. ते पेशींवरच्या ठरावीक जागी जाऊन बसले की शरीर शांत होते, झोप येऊ लागते. कॅफिन त्या जागा आधीच अडवून बसते. म्हणून तरतरी वाटते. त्याच वेळी अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक वाढते. ‘संकट आले आहे, इंधन सोडा’ असा निरोप यकृताला मिळतो आणि ते साठवलेली साखर रक्तात सोडते. स्नायू मात्र ती साखर नेहमीच्या वेगाने आत घेत नाहीत. निरोगी माणसाचे स्वादुपिंड थोडे जास्त इन्सुलिन सोडून हा हिशेब जमवून टाकते. मधुमेहीचे स्वादुपिंड आधीच थकलेले असते. त्याला तो जमत नाही, म्हणून आकडा वर जातो. सगळ्यांच्या बाबतीत तो सारखा वर जातो असे नाही. काहींच्या शरीरात कॅफिनचा निचरा झटकन होतो, काहींच्या शरीरात ते बराच काळ रेंगाळते. साधारणपणे प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीरातून जायला पाच तासांच्या आसपास वेळ लागतो.

दोन बाजू ऐकल्यावर कॉफी मधुमेहीची शत्रू वाटू लागते, पण तसेही नाही. मधुमेह असलेल्या १५,४८६ अमेरिकन स्त्री-पुरुषांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झाला. कोणते पेय पिणाऱ्यांचे आयुर्मान कसे राहिले, असा प्रश्न होता. सर्वाधिक कॉफी पिणाऱ्यांत, सर्वांत कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत मृत्यूचा धोका सुमारे २६ टक्के कमी दिसला. साखर घातलेली पेये सर्वाधिक पिणाऱ्यांत तो सुमारे २० टक्के जास्त दिसला. हाही निरीक्षणाचाच अभ्यास, त्यामुळे कॉफीने आयुष्य वाढते असा थेट अर्थ काढता येणार नाही. पण क्रांती चौकातल्या ग्राहकासाठी त्यात एक मोलाची गोष्ट दडली आहे. त्या अभ्यासात कॉफी एका रकान्यात होती आणि साखरेची पेये दुसऱ्या. टपरीवरचा कप मात्र एकाच वेळी दोन्ही रकान्यांत बसतो. त्याला कॉफी म्हणावे की साखरेचे पेय, हे त्यात चमचे किती यावरच ठरते.

ते चमचे मोजून पाहू. चहाचा एक सपाट चमचा साखर म्हणजे चार-पाच ग्रॅम. टपरीच्या छोट्या कपातही दोन चमचे सहज असतात. दिवसाला असे चार कप झाले तर ४० ग्रॅमच्या आसपास साखर केवळ कॉफीतून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवावी. दिवसाला दोन हजार कॅलरी घेणाऱ्या प्रौढासाठी पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. ही मर्यादा निरोगी माणसासाठी आहे. मधुमेहीने ती दुपारच्या कपातच ओलांडलेली असते. कोल्ड कॉफीच्या एका मोठ्या ग्लासात तर साखर, आइस्क्रीम आणि सिरप मिळून सात-आठ चमचे साखर सहज जाऊ शकते. अशा ग्लासानंतर साखर वाढली म्हणून कॅफिनला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे आहे.

दुधाचा हिशेबही यात येतो. शंभर मिलिलिटर दुधात सुमारे पाच ग्रॅम दुग्धशर्करा असते. ती साध्या साखरेपेक्षा हळू रक्तात उतरते आणि दुधात प्रथिनेही असतात, म्हणून दूध वर्ज्य करण्याचे कारण नाही. पण ‘मी साखर घेत नाही’ म्हणून मोठा कप भरून निव्वळ दुधाची कॉफी दिवसातून चार वेळा घेतली, तर ती खाण्यात धरावीच लागते. गुळाबद्दलचा गैरसमज याहून मोठा आहे. गुळाच्या चहाची दुकाने गावोगाव निघाली आणि तोच न्याय कॉफीला लागला. गूळ म्हणजे बहुतांशी तीच उसाची साखर, थोड्या खनिजांसह. रक्तातली साखर तो जवळपास तेवढीच वाढवतो. मधाचेही तसेच. कृत्रिम गोडव्याच्या गोळ्यांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सूचना दिली की वजन कमी करण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये. मात्र ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती सूचना लागू नाही, असेही संघटनेने त्यातच स्पष्ट केले होते. तेव्हा ज्याला फिकी कॉफी घशाखाली उतरतच नाही, त्याने डॉक्टरांना विचारून अशी गोळी काही काळ वापरली तर बिघडत नाही.

मशीनच्या कॉफीत सर्वांत मोठी अडचण ही की तिथे निवड करायला जागाच नसते. मिश्रणात साखर आधीच असेल तर कोणतेही बटण दाबले तरी ती कपात पडणारच. पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. म्हणजे यादीत पहिले नाव साखरेचे असेल, तर त्या पाकिटात सर्वांत जास्त साखरच आहे. पण कप हातात घेणाऱ्याला पाकीट कधी दिसत नाही. कचेरीत, रुग्णालयाच्या उपाहारगृहात, कारखान्याच्या कँटीनमध्ये तो वर्षानुवर्षे हा कप पितो आणि डॉक्टरांना सांगतो, ‘गोड काही खात नाही, फक्त दोन-तीन कॉफ्या होतात.’

परदेशी आकडे इथे जसेच्या तसे उतरवू नयेत, याला आणखी एक कारण आहे आणि ते महाराष्ट्रातच सापडले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय बाळे जन्मतः वजनाने लहान, पण तुलनेने चरबीने भरलेली असतात, हे दाखवून दिले. २००४ मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीने छापलेला फोटो ‘लॅन्सेट’मध्ये गाजला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात इन्सुलिनला होणारा अडथळा आतून तयार असतो. म्हणून डच किंवा स्वीडिश माणसाला सहा कप मानवले, तर मराठवाड्यातल्या माणसालाही ते मानवतीलच, असे गृहीत धरता येत नाही.

या शहराचे स्वतःचेही एक वास्तव आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे इथे पाळीत काम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. रात्रपाळीला जागे राहायला कॉफी, सकाळी घरी येऊन अर्धवट झोप आणि उठल्यावर पुन्हा कॉफी. अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, हे सर्वमान्य आहे. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाने २९ निरोगी व्यक्तींवर केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की रात्री झोपमोड झाल्यावर सकाळी न्याहारीआधी कडक काळी कॉफी घेतली, तर त्यानंतर घेतलेल्या साखरेच्या पेयाने रक्तातली साखर सुमारे ५० टक्के जास्त वाढते. हे निरोगी लोकांत. मधुमेही कामगाराने त्यापासून एवढा धडा घ्यावा: उठल्याउठल्या रिकाम्या पोटी कॉफी टाळावी, आधी काही खावे, मग कॉफी घ्यावी, आणि झोपायच्या वेळेच्या सहा तास आधी शेवटचा कप व्हावा. मग ती झोप रात्रीची असो वा दिवसाची.

तपासणीच्या दिवशी तर ही चूक महागात पडते. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून माणसे पहाटेच्या एसटीने घाटी रुग्णालयात किंवा शहरातल्या एखाद्या प्रयोगशाळेत येतात. ‘उपाशीपोटी या’ असे सांगितलेले असते. प्रवासात गारठा, डोके जड, म्हणून वाटेत अर्धा कप घेतला जातो. ‘खाल्ले काही नाही, नुसती कॉफी प्यायलो’ हे त्यांचे म्हणणे प्रामाणिक असते. पण उपाशीपोटीची तपासणी म्हणजे किमान आठ तास पाण्याखेरीज काहीही नको. गोड कॉफीने आकडा वाढतोच, बिनसाखरेच्या काळ्या कॉफीनेही तो हलू शकतो. तो वाढीव आकडा पाहून गोळीचा डोस वाढवला गेला, तर पुढे साखर खाली जाण्याचा धोका त्या माणसाच्या वाट्याला येतो. रक्त घेणाऱ्याने ‘उपाशी आहात का?’ एवढेच न विचारता ‘चहा-कॉफी झाली का?’ असे विचारले, तर एका वाक्याने हे टळेल.

साखर खाली जाण्याचा विषय निघालाच आहे, तर एक सावधगिरी. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची साखर कधी ७० च्या खाली जाते. हात थरथरतात, छातीत धडधडते, घाम फुटतो. जास्त कॉफी झाली तरी यातली बरीच लक्षणे दिसतात. त्यामुळे ‘कॉफी जास्त झाली वाटते’ म्हणून दुर्लक्ष करू नये. लगेच साखर मोजावी. मोजायची सोय नसेल तर साखर कमी झाली असे धरून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. अशा वेळी फिकी कॉफी काहीच कामाची नाही. गोडवा तेव्हा औषध असतो.

मग मधुमेहीने कॉफी प्यावी की नाही? या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कोणत्याही बातमीपेक्षा घरातला ग्लुकोमीटर चांगले देतो. पद्धत सोपी आहे. एक दिवस नेहमीची न्याहारी, कॉफीशिवाय. पहिल्या घासाआधी साखर मोजायची आणि बरोबर दोन तासांनी पुन्हा. दुसऱ्या दिवशी तीच न्याहारी, तेवढीच, त्याच वेळी, सोबत नेहमीचा कप. तिसऱ्या दिवशी तोच कप, पण बिनसाखरेचा. गोळ्या, इन्सुलिन आणि चालणे यांत तीनही दिवस काही बदल करायचा नाही. ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० च्या वरच्या आकड्याला १५ टक्के कमी-जास्त फरक चालतो, म्हणून दहा-बारा अंकांच्या फरकाने घाबरू नये किंवा हुरळूनही जाऊ नये. शक्य असेल तर आठवड्याने ही तपासणी पुन्हा करावी. फरक दोन्ही वेळा तीस-चाळीस अंकांचा आला, किंवा दोन तासांनंतरचा आकडा कपामुळे १८० च्या पुढे जात असेल, तर उत्तर मिळाले. बहुतेकांना दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसातला फरकच बोलका वाटेल. पट्ट्यांना पैसे पडतात हे खरे. पण सहा पट्ट्यांत आयुष्यभराच्या सवयीचा निकाल लागत असेल, तर तो खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही. आलेले आकडे तारीख-वेळ घालून वहीत लिहावेत आणि डॉक्टरांना दाखवावेत. औषधातला बदल त्यांनीच करायचा.

प्रमाणाबद्दल हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितले आहे. दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन नको. दीडशे मिलिलिटरच्या कपात बी दळून काढलेल्या कॉफीतून ८० ते १२० मिलिग्रॅम, झटपट कॉफीतून ५० ते ६५ आणि चहाच्या कपातून ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन मिळते. म्हणजे चहाही या हिशेबात धरायचा. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळावी, कारण त्यातील टॅनिनमुळे अन्नातले लोह शोषले जात नाही, असेही मार्गदर्शिका सांगते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती पाण्यासोबत घेऊन किमान अर्धा ते एक तास कॉफी थांबवावी. आणि गर्भवतींनी कॅफिनबाबत अधिक जपावे, विशेषतः गरोदरपणातला मधुमेह असेल तर.

इथपर्यंतचे सगळे रुग्णाच्या हातातले. पण सगळा भार त्याच्यावर टाकून मोकळे होणे योग्य नाही. टपरीवर दहा माणसांत ‘माझी फिकी’ म्हणायला अनेकांना संकोच वाटतो. चाळिशीच्या आतल्या माणसाला तर जास्तच, कारण त्या एका शब्दाने आजार जाहीर होतो. नव्या नोकरीत, सोयरिकीच्या बोलण्यात तो जाहीर होऊ नये असे त्याला वाटते. पाहुण्याच्या घरी नकार दिला तर ‘एका कपाने काय होतंय’ हे ठरलेले वाक्य येते. म्हणून अनेक जण गप्प राहून गोड कप पितात आणि रात्री एक चपाती कमी खाऊन मनाचे समाधान करून घेतात.

यावरचा उपाय स्वस्त आहे आणि तो दुकानदाराच्या हातात आहे. कॉफी बिनसाखरेची उकळावी आणि साखर बाजूला डब्यात चमच्यासह ठेवावी. ज्याला हवी त्याने हवी तेवढी घालावी. यात कोणाचे स्वातंत्र्य जात नाही. उलट आज जे एकाच पातेल्यातल्या साखरेने बांधलेले आहेत त्यांना ते मिळते. काही टपरीवाले म्हणतील, गर्दीच्या वेळी चमचा हलवत बसायला कोणाला सवड आहे? अडचण खरी आहे. पण दोन पातेली ठेवता येतात, आणि फिक्या चहाचे वेगळे पातेले अनेक जण आधीपासून ठेवतातच. कचेऱ्या, रुग्णालये आणि कँटीन यांच्याकडे तर ही सबबही नाही. त्यांनी बिनसाखरेचे मिश्रण मागवले की प्रश्न मिटतो. सीबीएसईने २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. कोणत्या पदार्थात किती साखर आहे हे मुलांना दिसावे, हा त्यामागचा हेतू. जी माहिती दहा वर्षांच्या मुलाला देणे गरजेचे वाटते, ती कँटीनमधल्या पन्नाशीच्या माणसाला नाकारायचे कारण नाही. कॉफीच्या मशीनवर ‘एका कपात साखर इतके ग्रॅम’ एवढी एक ओळ चिकटवायला खर्च तो किती?

डॉक्टरांकडूनही एक अपेक्षा आहे. ‘चहा-कॉफी कमी करा’ हा सल्ला इतका सरधोपट झाला आहे की रुग्ण तो ऐकतो आणि विसरतो. त्याऐवजी ‘कॉफी कशी करता, कुठे पिता, किती वाजता पिता’ हे तीन प्रश्न विचारले तर नेमका काय बदल करायचा ते दोघांनाही कळेल. एखाद्याची साखर फक्त मशीन बदलून उतरेल. एखाद्याला रात्रपाळीतला शेवटचा कप सोडावा लागेल. एखाद्याची कॉफी फिकी आणि दिवसाला दोनच कप असेल, तर तिला हात लावायची गरजही नसेल. त्याला उगाच भीती घालून त्याचा एक साधा आनंद काढून घेण्यात काही शहाणपण नाही.

मधुमेहाने माणसाच्या ताटातून आधीच बरेच काही काढून घेतलेले असते. कॉफी त्या यादीत घालण्याआधी तिच्यातली साखर बाहेर काढून पाहावी. बहुतेकांच्या बाबतीत कप तसाच ठेवून फक्त चमचा बाजूला करायचा आहे.